वाऱ्याकडची बाजू

किल्लीवाल्याच्या टपरीपाशी ती उभी होती. घराची दुसरी किल्ली करून घ्यायची होती, आणि मशीनवर पितळ घासल्याचा आवाज थेट दाढेत जाऊन बसत होता. तेवढ्यात समोरून एक बाई आली आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबली. ओढलेला चेहरा, अंगात सैल तपकिरी स्वेटर, केस कानापर्यंत कापलेले, हातात कापडी पिशवी. बाई हसली. काही बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं, तर ही तिच्याकडे नीट न बघताच म्हणाली, "मला नाही हो माहीत. पुढे विचारा." रस्त्यात असं कोणी समोर येऊन थांबलं की पत्ताच विचारायचा असतो, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. शिवाय दिवसभर उभं राहून पोटऱ्या दुखत होत्या आणि घर कधी गाठते असं झालं होतं. बाई होती तिथंच उभी राहिली. सगळे खोलीतून निघून गेल्यावर दिवा तसाच जळत राहावा, तसं तिचं हसू थोडा वेळ तोंडावर राहिलं. मग पत्ता कळल्यासारखी तिनं मान हलवली आणि माणसांतून वाट काढत निघून गेली. किल्ली तयार झाली. किल्लीवाल्यानं ती फुंकून हातावर ठेवली, अजून गरम होती. बसमध्ये जागा मिळाली, खिडकीला डोकं टेकवलं, आणि तेव्हा कुठं त्या बाईची पिशवी तिच्या डोळ्यांसमोर आली. पिशवी मुठीत नव्हती. बंद जिथं कापडाला शिवलेले असतात, अगदी तिथं, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत ती धरलेली होती, आणि बाकीची बोटं बाजूला, कशालाच न लागणारी. तशी पिशवी धरणारी बाई तिच्या ओळखीत एकच होती. पुढच्या थांब्यावर ती उतरली, उलट दिशेनं पळत टपरीपर्यंत आली. किल्लीवाला फळ्या लावत होता. "काही राहिलं का ताई?" त्यानं विचारलं. ती रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत होती.

ती बाई म्हणजे शिट्टी. संशोधन संस्थेच्या प्राणिघरात या दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून कितीतरी वर्षं पिंजरे बदलत होत्या. पिंजरा म्हणायचं, पण ते आरपार दिसणारे प्लास्टिकचे डबे, वर तारांची जाळी, जाळीत खाणं आणि पाण्याची बाटली. मांडणीवरून पिंजरा काढायचा, टेबलावर ठेवायचा, झाकण उचलायचं. आतले पांढरे उंदीर कोपऱ्यात गोळा होतात. एकेकाला शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरायचं, टोकाला नाही, टोकाला धरलं तर कातडी सोलून निघते, आणि शेजारच्या स्वच्छ पिंजऱ्यात सोडायचं. जुन्या घरट्यातला थोडा कोरडा कापूस त्याच्यासोबत टाकायचा, म्हणजे त्याला आपला वास सापडतो आणि नर एकमेकांना फाडत नाहीत. पिल्लं असली तर सगळं घरटंच ओंजळीत उचलायचं, आईला आधी नेऊन मग पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याएवढी. पिंजऱ्यावरचं कार्ड इकडून काढून तिकडे लावायचं. झाकण. पुढचा. घाण पिंजरे ढकलगाडीवर रचायचे, गाडी भरली की धुण्याच्या खोलीत न्यायची, तिथं भुसा खरवडून पिंपात ओतायचा, आणि डबे वाफेच्या मशीनमध्ये. टेबलाला आतून हवा खेळवलेली असायची, तिचा एकसुरी घूं असा आवाज. त्या आवाजाखाली शिट्टी मास्कच्या आत हळू शीळ घालत असे. मुकादम पहिल्यांदा रागावला होता. आवाजानं माद्या बिथरतात आणि पिल्लं खातात, असं त्याचं म्हणणं. पण कुठल्याच मादीनं काही खाल्लं नाही. मग तोच दारातून डोकावून, "आज गाणं नाही वाटतं?" असं विचारायला लागला. नाव तिथूनच पडलं. शिट्टी हिला ताई म्हणायची. वयात चांगलं बारा-पंधरा वर्षांचं अंतर होतं.

तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता असं नाही. फाटकापाशी, पगाराच्या खिडकीपाशी, एकदा संस्थेच्या सहलीत. पण बायकांची कपडे बदलायची खोली लहान, म्हणून आळीपाळीनं जायचं. जेवायलाही एकीनं आधी, दुसरीनं नंतर, कारण खोली रिकामी ठेवायची नसे. म्हणजे उरला तो टोपी आणि मास्क यांच्यामधला पट्टा, आणि हातमोज्यातले हात. त्या पट्ट्यावरून शिट्टी हसते आहे की कंटाळली आहे, रात्री झोप झाली आहे की नाही, हे तिला न विचारता कळे. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून इतकं कधी कळलं नाही. शिट्टीच्या हातांची घाई कशी, दुपारनंतर त्यांचा वेग कसा उतरतो, कुठल्या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या उंदराला ती जरा जास्त वेळ तळव्यावर ठेवते, सगळं पाठ. आणि आता उघड्या रस्त्यावर, भर उजेडात, सबंध चेहरा घेऊन ती समोर उभी राहिली, तर हिनं तिला पुढे विचारायला सांगितलं. बसथांब्यावर परत उभं राहताना तिला वाटलं, मला खरंच तिची ओळख होती, की फक्त माझ्या समोरच्या बाजूच्या कामाची सवय होती?

शिट्टीच्या छातीत वाजायला लागलं तेव्हा दोघी हसल्या होत्या. "आता काय, आतूनपण वाजवायला लागलीस का?" ती म्हणाली होती, आणि शिट्टी टेबलाला धरून इतकी हसली की हसताहसता खोकायला लागली. पहिल्यांदा डोळ्यांना खाज, मग शिंका, मनगटावर लाल चकंदळं. असं इथं पुष्कळांना होतं, जातंही. भुसा ओतायचं काम ताईनं आपल्याकडे घेतलं, कारण सगळ्यात जास्त धूळ तिथं. जनावराच्या मुताची आणि कोंड्याची ती बारीक धूळ दिसत नाही, पण उन्हाच्या तिरपीत एकदा दिसली होती, आणि आपण रोज हेच आत घेतो हे बघून दोघींनी मास्क नाकावर नीट ओढून घेतले होते. मग वर्षाची तपासणी आली. डॉक्टरांनी शिट्टीला नळीत फुंकायला लावलं, पुन्हा फुंकायला लावलं आणि सांगितलं की ह्या बाईनं आता त्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही. उद्यापासून नाही, आत्तापासून. जेवणाच्या सुट्टीआधीची वेळ होती. ताई मांडणीच्या मधल्या फळीपर्यंत पोचली होती, एका हातात उंदीर, दुसऱ्या हातात झाकण. दाराच्या काचेवर टकटक झाली. काचेपलीकडे शिट्टी, सामान न्यायला आलेली, घरच्या कपड्यांत, मास्क नाही. तिनं हात हलवला. ताईनं कोपर उचललं, हात मोकळे नव्हते, आणि मास्कच्या आत म्हणाली, "येते हं मी भेटायला." ते पलीकडे पोचलं की नाही कोण जाणे. उंदीर सोडून, झाकण लावून, हातमोजे काढून ती दाराशी गेली तोवर तिथं कोणी नव्हतं. टकटक ऐकताच उंदीर सोडायला असा किती वेळ लागला असता?

आणि मग ती गेलीच नाही. जायचं होतं. पहिल्या रविवारी लेकीकडे बारसं, दुसऱ्या रविवारी नवऱ्याचे डोळे, मग पाऊस, मग आता इतके दिवस झाल्यावर रिकाम्या हातानं काय जायचं. मग हातात काय न्यायचं ते ठरेना. फोन केला होता मधे, दोनदा-तीनदा. पण फोनवर दोघींनाही काही सुचायचं नाही. त्यांचं सगळं बोलणं हातांना काम असताना झालेलं. एक वाक्य एका पिंजऱ्याला, दुसरं चार पिंजऱ्यांनंतर, मधे घूं. नुसता फोन कानाला लावला की बोलण्यातले सगळे सांधे उघडे पडायचे. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "तिकडे सगळे?" "सगळे बरे." मग शिट्टीचा श्वास ऐकू यायचा आणि तिला उगीचच वाटायचं की आपण तिला दमवतो आहोत. फोन थांबले. आपण एखाद्याला विसरलो असं कधी वाटतच नाही. वाटतं की ते माणूस तिथंच आहे, आपण फक्त अजून गेलो नाही.

"कोण होती म्हणालीस?" नवऱ्यानं जेवताना विचारलं. त्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरी होता आणि दिवसभराचं साठलेलं बोलणं ती आली की बाहेर काढायचा. तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यात काय, तिनं हाक मारायची."

"तिला वाटलं असेल मी ओळख दाखवली नाही."

"ओळखलं असेल तिनं लांबूनच. तुझा वास येतो ना." तो हसला. हा त्याचा जुना विनोद. आमच्या घरात उंदीर येत नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगे, त्यांना वाटतं इथं पिंजऱ्यांची मालकीण राहते. एरवी ती हसायची, आज नाही हसली. तोही मग ताटाकडे बघत म्हणाला, "जाऊन ये की एकदा. लांब आहे का?" लांब नव्हतं. हे सगळ्यात वाईट होतं. बस न बदलता जाता येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिचं कामात लक्ष नव्हतं. टेबलाच्या पलीकडे आता जी नवी होती ती कानांत वायरी घालून काम करायची, हातांनी झटपट, बोलायचा प्रश्नच नाही. चांगली होती बिचारी. ताईनं एक पिंजरा उघडला आणि कुठल्याशा दुपारची आठवण अशी आली की हात जाळीवरच राहिला. अशीच दुपार, अशीच मांडणी. शिट्टी पलीकडून म्हणाली होती, "ताई, तुला एक विचारायचंय." आणि तिनं उत्तर दिलं होतं, "एवढी मांडणी होऊ दे." मांडणी झाली. मग गाडी भरली होती, ती न्यायची होती. मग मुकादम आला. शिट्टीनं परत काही विचारलं नाही, आणि हिलाही परत काही आठवलं नाही, आजपर्यंत. कधीची गोष्ट ती? तपासणीच्या आधीची, थंडीतली असावी, कारण शिट्टीनं बाहीच्या आत लोकरीचं काही घातलं होतं आणि हातमोज्याच्या कडेतून ते दिसत होतं. इतकं आठवतं, आणि ती काय विचारणार होती ते विचारलं नाही. नवी पलीकडून तिच्याकडे बघायला लागली. उंदीर काठावर चढून आला होता. तिनं त्याला उचललं.

सुटल्यावर ती घरी गेलीच नाही. परस्पर शिट्टीकडे, ती राहायची त्या तिच्या भावाच्या घरी गेली, कारण घरी गेलं की बसलं, बसलं की उठवत नाही. वाटेत फळं घेतली. दुसरा मजला. दार शिट्टीच्या वहिनीनं उघडलं, हातात अर्धवट घडी घातलेली चादर. "मी तिच्याबरोबर कामाला होते," ती म्हणाली. वहिनीचा चेहरा मोकळा झाला. "या ना, या. तुमचं फार नाव काढते ती." आत एक खोली, खोलीच्या कडेला बंद केलेली गॅलरी, गॅलरीत एक अरुंद पलंग. शिट्टीची आधीची खोली आता भाच्याच्या अभ्यासाला गेली होती, हे तिला न सांगता दिसलं. पगार आहे तोवर मी आत्या, नाहीतर अडगळ, असं शिट्टी एकदा हसत म्हणाली होती. पलंगावरून शिट्टी उठली. तोच काल रस्त्यावरचा चेहरा, आणि आता इतका ओळखीचा की काल तो कसा निसटला हे कळेना. ताईनं दोन पावलं पुढे टाकली, हात पसरले होते की काय ते नंतर तिला आठवलं नाही.

"ताई, तिथंच थांब," शिट्टी म्हणाली.

ती थांबली. बरोबरच आहे, तिला वाटलं, हेच ऐकायला आपण आलो होतो. ती म्हणाली, "कालचं मी खरंच... मशीनचा आवाज होता, मी बघितलंच नाही नीट..." पण शिट्टी ऐकत नव्हती. तिनं भिंतीला हात लावला होता, खांदे वर ओढले होते, आणि छातीतून तो आवाज यायला लागला होता, बारीक, ओला, श्वास बाहेर जाताना लांबत जाणारा. वहिनीनं चादर टाकली. खिडक्या उघडल्या, उशाशी ठेवलेला श्वासाचा पंप शिट्टीच्या हातात दिला आणि मग वळून, जराही आवाज न चढवता, विचारलं, "बाई, तुम्ही थेट कामावरून आलात का?"

"हो."

"मग तुम्ही खाली थांबता का जरा? तिला सोसत नाही. तुमच्या केसांत, कपड्यांत असतं ते. डॉक्टरांनी सांगितलंय."

जिना उतरताना तिला हातातल्या फळांची पिशवी जाणवली. खालच्या पायरीवर ती ठेवली आणि स्वतःची बाही नाकाला लावून हुंगली. काही वास आला नाही. इतक्या वर्षांत तिला कधीच आला नव्हता. साबणानं हात धुऊन, टोपी काढून, आपण स्वच्छ होऊन बाहेर पडतो असं ती समजत आली होती, आणि रोज एवढंसं काहीतरी सगळीकडे घेऊन फिरत होती, बसच्या सीटवर, लेकीच्या तान्ह्याजवळ, इथं. म्हणजे काल टपरीपाशी शिट्टी थोडी लांब थांबली होती ती संकोचानं नव्हे. तिला पुढे येता येत नव्हतं. आणि या इतक्या महिन्यांत तीही भेटायला आली नाही, त्याचा राग कधीतरी मनात येऊन गेला होता, ते आठवून तिला अंग चोरावंसं झालं. वरच्या उघड्या खिडकीतून शिट्टीचं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले, पण श्वास ताळ्यावर आला होता.

"घाबरलीस ना?" ती वरून म्हणाली.

"हो गं."

"होतं असं. आता उतरलं."

रस्ता चालता होता. एक माणूस सायकल हातात धरून दोघींच्या मधून गेला, त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. ताईला पुष्कळ बोलायचं होतं, पण ते असं मान वर करून, आवाज काढून, समोरच्या दुकानदाराला ऐकू जाईल असं बोलण्यातलं नव्हतं. "फळं ठेवलीत खाली," ती ओरडून म्हणाली. "धुऊन घ्या."

"रविवारी ये," वरून आवाज आला. "घरून ये, न्हाऊन. इथं नको. नदीकडच्या बागेत."

रविवारी सकाळी ती दोनदा न्हायली. लेकीनं ठेवून दिलेला, कधीच न घातलेला झगा काढला, कपाटात दुसऱ्या कपड्यांना लागलेला म्हणून तोही आदल्या दिवशी धुऊन टाकला होता. चपला नवऱ्याच्या घातल्या, मोठ्या होत होत्या. तो सगळं बघत होता. "लग्नाला निघाल्यासारखी तयारी," तो म्हणाला. मग केस पुसतापुसता तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "मी ही नोकरी सोडली तर?"

"मैत्रिणीसाठी?"

"असंच. विचारते."

"सोड की," तो म्हणाला, आणि दोघांनाही माहीत होतं की तसं काही व्हायचं नाही. त्याचा कारखाना बंद, घर तिच्यावर. मुकादमाला तिनं परवाच विचारलं होतं, कोठारात, कार्यालयात, कुठंही बदली मिळेल का म्हणून. तो म्हणाला होता, बघतो, आणि तो ते कसं म्हणाला यावरून पुढचं कळलं होतं.

बागेत शिट्टी आधीच येऊन उभी होती. नदीच्या कडेला लांबलचक बाक होते. बसायच्या आधी तिनं स्वेटरमधून लोकरीचा एक धागा ओढून काढला आणि हात वर करून धरला. धागा तिच्या डाव्या बाजूला वाहायला लागला. "तू तिकडे बस," ती म्हणाली, "मी इकडे. वाऱ्याकडची बाजू माझी." मधे दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून दोघी बसल्या, नदीकडे तोंड करून. हात रिकामे होते. मग शिट्टीनं पिशवीतून सोलायच्या शेंगा काढल्या, अर्ध्या मधल्या जागेत कागदावर ओतल्या, आणि बोटं चालायला लागल्यावर तोंडं उघडली. नव्या मुलीबद्दल तिनं विचारलं. मुकादमाच्या गुडघ्याबद्दल विचारलं. म्हाताऱ्या उंदराबद्दल विचारलं, तो कधीच गेला होता, ताईनं खरं ते सांगितलं. शिट्टी आता एका दुकानात बसत होती, दिव्यांच्या शेड विकायच्या. काम सोपं, शांत, फक्त दिवसभर कोणी येत नाही.

"त्या दिवशी तू पुढे विचारा म्हणालीस ना," ती म्हणाली, "मला आधी हसू आलं. खरंच पुढे जाऊन कुणालातरी विचारावं असं वाटलं, की ती मागं टपरीपाशी उभी आहे ती बाई माझी कोण."

"आणि मग?"

"मग घरी जाऊन रडले थोडी. ते वेगळं."

ताईनं शेंग हातातच धरली. मग इतके दिवस आत फिरत असलेलं ते विचारून टाकलं. "तू मला एकदा काही विचारणार होतीस. थंडीत. मी म्हटलं मांडणी होऊ दे."

शिट्टीला आठवायला वेळ लागला नाही. "खाद्याची पोती आणायचा ना, तो ड्रायव्हर. बायको गेलेली. त्यानं मला विचारलं होतं, लग्नाचं." तिनं टरफलं नदीत टाकली. "तुला विचारणार होते, काय करू."

"आणि?"

"नाही म्हटलं त्याला. उत्तर द्यायचा दिवस तोच होता."

ड्रायव्हर ताईला आठवत होता, जाडसर, मागच्या दारी आला की उगीच एकदा भोंगा वाजवणारा. नंतर त्याच्या जागी दुसरा आला होता, का ते कोणी विचारलं नव्हतं. "मी काय सांगितलं असतं कोण जाणे," ती म्हणाली.

"तू नाहीच म्हणाली असतीस. तुला तो आवडायचा नाही, पोती दारातच टाकतो म्हणून." शिट्टी हसली. "तुझ्यामुळे नाही गं काही. मलाच नको असेल. पण तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी एकदा माझ्याकडे बघून विचारावं, तुला हवंय का. एवढंच. त्यासाठी तू बरी वाटलीस."

तू बरी वाटलीस. इतकी वर्षं हाताच्या अंतरावर उभी होती ही, हवं ते विचारता आलं असतं, सांगता आलं असतं, आणि त्यांनी पिंजरे मोजले, नव्या भुशाबद्दल तक्रारी केल्या, मुकादमाची नक्कल केली. घाई कसली होती? उद्याही ती तिथंच असणार होती, समोरच्या बाजूला. आता विचारायचं तर आधी न्हायचं, कपडे धुवायचे, हवा बघायची. ताईला तिच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला. हात तिनं उचललाही, आणि तो शेंगांच्या कागदापर्यंत नेऊन कागद सारखा केला.

"तुला आता हवंय का काही?" तिनं विचारलं. उशिरा विचारलेला प्रश्न कसा ऐकू येतो ते तिला स्वतःलाच ऐकू आलं.

शिट्टीनं विचार केला, अगदी खरा, नदीकडे बघत. "माझी खोली," ती म्हणाली. "आणि पहाटे एकदा जिना न थांबता चढायचाय." मग थोड्या वेळानं, "आणि तू येत जा."

वारा वळला. शिट्टीनं धागा वर केला, उठली, ताईच्या पाठीमागून मोठा वळसा घालून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. दोघींनी शेंगा सरकवून घेतल्या. बोलणं पुढे चालू राहिलं, भाच्याबद्दल, नवऱ्याच्या डोळ्यांबद्दल. पण ऊन चढलं तसा वारा पडला. धागा शिट्टीच्या बोटांतून सरळ खाली लोंबायला लागला. तिनं तो दोनदा झटकून बघितला. मग तिला ठसका लागला, मोठा नव्हे, पण तिनं पिशवीत पंप चाचपला आणि उठली.

"आज एवढंच," ती म्हणाली.

"पुढच्या रविवारी?"

"वारा असला तर."

बागेचं दार एकच होतं. दोघींनी बरोबर जाणं ठीक नव्हतं, म्हणून ताई बसून राहिली आणि शिट्टी पुढे निघाली, सावकाश, मधे एकदा झाडाला हात लावून उभी राहत. ताई बघत होती. निवृत्तीला अजून किती वर्षं राहिली ते ती मनात मोजायला लागली, मग शिट्टीच्या छातीला तेवढी वर्षं आहेत का हा विचार मधे आला आणि तिनं मोजणं अर्ध्यात सोडलं. दारापाशी आता कोणी नव्हतं. तिनं टरफलं कागदात गोळा केली, बाक पुसून घेतला, आणि नवऱ्याच्या मोठ्या चपला ओढत बसथांब्याकडे निघाली. सोमवारी मांडणीवरचे सगळे पिंजरे बदलायचे होते.